चाळीस पेट्यांची ऑर्डर स्पॅममध्ये पडून राहिली! थंडरबर्ड आणि वेबमेल दोन्हीकडे जंक फिल्टर नीट कसा लावायचा?

आढीवाला (देवगड)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो मी कॉम्प्युटरवाला नाही, बागायतदार आहे. जामसंड्याजवळ हापूसच्या कलमांची बाग आहे आणि गेली पाचसहा वर्षं दलालाकडे माल न घालता थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतो. वेबसाईट भाच्याने करून दिली, वेबसाईटच्या नावाचा मेल आयडी पण त्यानेच काढला, होस्टिंग (वेबसाईट आणि मेल ठेवायची भाड्याची जागा) स्वस्तातलं बघून घेतलेलं आहे. घरी डेस्कटॉपवर थंडरबर्ड आहे त्यात मेल येतात, बागेत किंवा बाहेर असलो की मोबाईलच्या ब्राउझरमधून वेबमेल उघडून बघतो, एवढीच माझी अक्कल.

तर काल रात्री पाऊस झाला अवकाळी, करंट गेला, डेस्कटॉप बंद, म्हणून मोबाईलवर वेबमेल उघडलं आणि सहज डावीकडचा तीन रेघांचा मेनू दाबला तर खाली स्पॅम नावाचा फोल्डर आणि त्याच्यापुढे २१७. उघडला. लॉटरी, औषधं, तुमची वेबसाईट गुगलवर पहिल्या नंबरला आणतो वाले, आणि त्यांच्या मधोमध पुण्याच्या एका सोसायटीचा मेल, अक्षय्य तृतीयेसाठी चाळीस पेट्या पाहिजेत, पाच डझनी, रेट कळवा. तारीख बघितली तर एकोणीस दिवसांपूर्वीची. अक्षय्य तृतीया होऊन गेली, आढी उतरली, माल दुसरीकडे गेला. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आता माझा घोळ असा की हा स्पॅम फोल्डर थंडरबर्डमध्ये दिसतच नाही. तिथे जंक नावाचा वेगळाच आहे, त्यात सहा मेल. म्हणजे वेबवर २१७ आणि इथे सहा, हे दोन वेगळे कसे? आणि गंमत म्हणजे एवढं सगळं तिकडे अडवूनसुद्धा इनबॉक्समध्ये रोजचा तीसचाळीस मेल कचरा येतोच. त्यात गेल्या आठवड्यात माझ्याच आयडीवरून मला मेल, की तुझा कॉम्प्युटर हॅक केलाय, कॅमेऱ्यातून सगळं बघितलंय, बिटकॉईन पाठव. माझ्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही हा भाग वेगळा, पण आयडी माझा होता त्यामुळे पासवर्ड गेला की काय या काळजीने दोन दिवस झोप नाही.

खरा माल आत आणि कचरा बाहेर, आणि ते दोन्हीकडे सारखं दिसायला पाहिजे. काय करू?

खाडीपलीकडे

भाऊ, चाळीस पेट्या वाचून पोटात गोळा आला. घाईत काही डिलीट करू नका. दोन गोष्टी बघून सांगा. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा, पोर्टचा आकडा काय आहे? ९९५ असेल तर पीओपी, ९९३ असेल तर आयमॅप, सर्व्हरवरचा मेल बघायच्या या दोन पद्धती. माझी पैज, ९९५ असणार.

दुसरं, वेबमेलमध्ये तो पुण्याचा मेल उघडून त्याचे हेडर (मेलच्या मागची तांत्रिक माहिती) किंवा सोर्स दाखवा असा पर्याय असतो तो दाबा, एक्स-स्पॅम ने सुरू होणारी ओळ शोधा आणि इथे लिहा. गिऱ्हाइकाचा पत्ता, नाव काही टाकू नका.

आढीवाला (देवगड)

पैज जिंकलात, ९९५.

हेडर म्हणजे बरंच लांबलचक आहे, पण एक ओळ अशी सापडली, एक्स-स्पॅम-स्टेटस येस, स्कोअर बरोबर ३.४. सोसायटीवाल्याने विषय सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलाय, अर्जंट एन्क्वायरी फॉर्टी बॉक्सेस बेस्ट प्राईस, पुढे तीन उद्गारचिन्हं, आणि आत मजकूर एकच ओळ.

खाडीपलीकडे

बघा म्हणजे बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने स्पॅमसारखा मेल लिहिला. पण तरी ३.४ ला अडायला नको होता. आता जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

तुमच्या मेलला एक नाही, दोन चाळण्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. पहिली होस्टिंगच्या सर्व्हरवर. तिथे बहुतेक स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्राम बसवलेला असतो, तो प्रत्येक मेलला मार्क देतो, विषय सगळा कॅपिटलमध्ये आहे एवढे मार्क, पाठवणाऱ्याचा सर्व्हर काळ्या यादीत आहे एवढे मार्क, अशी बेरीज करतो आणि बेरीज ठराविक आकड्याला पोचली की स्पॅम. हा आकडा मुळात ५ असतो. तुमचा मेल ३.४ ला अडलाय म्हणजे कुणीतरी तो आकडा खाली ओढलाय. भाच्याला विचारा. हा आकडा लोकांना उलटा वाटतो, कमी केला की ढील दिली असं वाटतं, पण कमी म्हणजे चाळण बारीक, जास्त अडणार.

दुसरी चाळण तुमच्या थंडरबर्डमध्ये, ती तुमच्या कॉम्प्युटरपुरती. आता पीओपीचं असं आहे की तो सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स उचलून आणतो, बाकी कुठल्या फोल्डरकडे ढुंकून बघत नाही. म्हणजे पहिल्या चाळणीत जे अडलं ते तुमच्या डेस्कटॉपवर कधीच येणार नाही, तुम्ही जन्मभर थंडरबर्ड बघत बसलात तरी. ते सहा मेल दुसऱ्या चाळणीतले. २१७ आणि ६ चा हिशोब हा असा.

म्हणून आधी आयमॅपवर या. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि डेस्कटॉप, मोबाईल, वेब तिघेही तेच फोल्डर बघतात, एकीकडे हलवलं की सगळीकडे हललं. पण थंडरबर्डमध्ये पीओपीच्या अकाउंटचं आयमॅप करता येत नाही, त्याच आयडीचं नवीन अकाउंट जोडायचं आणि त्यात आयमॅप निवडायचं. जुने मेल जुन्या अकाउंटमध्ये आहेत तिथेच राहू देत, नंतर सवडीने ओढून टाका. तुमच्या होस्टिंगवर जागा किती आहे तेही बघा, आतापर्यंत पीओपी सगळं उपसून घरी आणत होता, आता तिथेच साठणार, पेट्यांचे फोटो बिटो असतील तर एक जीबी भरायला वेळ लागत नाही.

मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये लॉगिन करा. सीपॅनेल असेल तर ईमेलच्या भागात स्पॅम फिल्टर्स आहे. तिथे आकडा ५ करा. त्याच पानावर ऑटो-डिलीट म्हणून एक बटण आहे ते बंद आहे ना याची खात्री करा, ते चालू असतं तर हा पुण्याचा मेल कदाचित तुम्हाला स्पॅममध्येसुद्धा दिसला नसता, परस्पर गेला असता. खाली व्हाईटलिस्ट आहे, नेहमीची गिऱ्हाइकं, ट्रान्सपोर्टवाला, बँक यांचे पत्ते त्यात टाका. पण आख्खं जीमेल टाकू नका हां, मागे एकाने वैतागून जीमेलवरून येणारं सगळं चालेल असं टाकलं आणि मग महिनाभर इनबॉक्समध्ये उकिरडा. स्वतःचं डोमेन, म्हणजे तुमच्या वेबसाईटचं नाव, तर अजिबातच टाकू नका, ते का हे खाली.

तो बिटकॉईनवाला मेल. पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे पाकिटावर मागे लिहिलेला पत्ता, कोणीही काहीही लिहू शकतो, पोस्टमन तपासत नाही. तुमचा पासवर्ड गेलाच असेल असं त्यावरून म्हणता येत नाही, तरी बदलून टाका, वेबमेलचा आणि पॅनेलचा वेगवेगळा ठेवा. आता थंडरबर्डची खोच. त्याच्या जंक सेटिंग्जमध्ये एक खूण असते की पाठवणारा ॲड्रेस बुकमध्ये असेल तर मेल जंक धरू नको. चांगली सोय आहे, ठेवा. पण तुमचा स्वतःचा आयडी जर तुमच्याच ॲड्रेस बुकमध्ये असेल, आणि बहुतेकांचा असतोच, तर असे खोटे मेल थेट पुढच्या दाराने आत. तो काढून टाका.

गजालीकार

ह्या सगळा करण्यापरास सरळ जीमेलाक फॉरवर्ड लाव आणि मोकळो हो रे. माका कायएक त्रास नाय.

खाडीपलीकडे

गजालीकारांनू, तुमचं चालतंय हे तुमचं नशीब. फॉरवर्डमध्ये असं होतं की तुमच्याकडे आलेला कचराही तुमच्या सर्व्हरच्या नावाने गुगलच्या दारात जातो, मग गुगलला वाटतं हाच सर्व्हर कचरा पाठवतो. शिवाय मूळ पाठवणाऱ्याची एसपीएफची, म्हणजे मेल त्याच्याच सर्व्हरवरून आलाय का याची, तपासणी फॉरवर्डमध्ये मोडते, म्हणजे चांगले मेलही संशयित. आणि जीमेलचा स्पॅम ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, तिथे तरी कोण रोज बघतंय? चाळण बदलून सवय बदलत नाही.

बाकी जीमेल आयमॅपने थंडरबर्डमध्ये लावलं तर एक सोय मात्र झकास आहे, मेल उचलून जीमेलच्या स्पॅम फोल्डरमध्ये टाकला की गुगल ते तक्रार म्हणून धरतं आणि शिकतं. साध्या होस्टिंगवर तसं होईलच असं नाही, तिथे तुम्ही मेल हलवला तरी सर्व्हर बहुधा जसाच्या तसा.

आढीवाला (देवगड)

भाच्याला फोन केला. म्हणाला, मामा, तुम्हीच म्हणालात ना कचरा फार येतो, म्हणून मी ३ केलं. आता काय बोलणार.

५ केलं, ऑटो-डिलीट बंदच होतं देवाची कृपा. आयमॅपचं नवीन अकाउंट जोडलं, स्पॅम फोल्डर थंडरबर्डमध्ये दिसायला लागला, २१७ च्या २१७ चाळले. आणखी दोन खरे निघाले, एक कोल्हापूरची बाई कॅनिंगचा आंबा विचारत होती आणि एक बँकेचा.

पण आता नवीनच. नवीन अकाउंटच्या इनबॉक्समध्ये मेल येतो, मी बघतो, आणि दहा मिनिटांनी गायब! वेबमध्ये पण गायब. स्पॅममध्ये पण नाही. भुताटकी?

खाडीपलीकडे

भुताटकी नाही, जुनं पीओपी अकाउंट. ते अजून जिवंत आहे आणि दर दहा मिनिटांनी जाऊन सर्व्हरवरचा इनबॉक्स उपसतंय, जुन्या अकाउंटच्या इनबॉक्समध्ये बघा, सगळे तिथे सुरक्षित असतील. त्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये सुरू होताना मेल तपास आणि दर अमुक मिनिटांनी तपास या दोन्ही खुणा काढा. मेल सर्व्हरवर राहू दे ही खूण करून ठेवा म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी नुकसान नाही. चूक माझी, हे आधीच सांगायला हवं होतं.

आणि फोल्डरांची नावं बघा. वेबमेल स्वतःचा स्पॅम करतं, थंडरबर्ड स्वतःचा जंक करतं, मोबाईलचं ॲप आणखी तिसराच करतं, एका घरात तीन चुली. थंडरबर्डच्या जंक सेटिंग्जमध्ये नवीन जंक कुठे टाकायचं ते विचारतं, तिथे सर्व्हरचा स्पॅम फोल्डरच निवडा. त्याच पानावर स्पॅमअसॅसिनच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा का असंही असतं, तेही लावा, म्हणजे दोन चाळण्यांची निदान तोंडओळख तरी होईल.

आढीवाला (देवगड)

सापडले! सगळे जुन्यात होते. जीव भांड्यात पडला.

एक शंका, थंडरबर्डला मी तीन वर्षांत किती वेळा जंकचं बटण दाबून दाखवलं तरी तो शिकत का नाही? रोज तेच एसईओवाले, गुगलवर पहिल्या नंबरला आणतो म्हणणारे.

खाडीपलीकडे

फक्त वाईट दाखवलंत म्हणून. ती चाळण बेझच्या गणितावर चालते, अठराव्या शतकातला एक इंग्रज पाद्री होता, त्याचा निबंध १७६३ मध्ये त्याच्या मरणानंतर छापला गेला आणि त्याच्यावर आज आपल्या मेलची निवड होतेय. ते गणित प्रत्येक शब्दाचा हिशोब ठेवतं, हा शब्द वाईट मेलमध्ये किती वेळा आला आणि चांगल्यात किती वेळा. नवीन गडी आढीवर बसवलात आणि त्याला नुसते कुजके दाखवलेत, चांगला कसा असतो ते दाखवलंच नाही, तर तो काय निवडणार? तुमच्या खऱ्या ऑर्डरींचे शंभरएक मेल एकदम निवडा आणि शिफ्ट धरून इंग्रजी जे अक्षर दाबा, म्हणजे हे जंक नाही असा शिक्का. नुसतं जे अक्षर दाबलं की जंक. दोन्ही बाजू भरल्या की पंधरा दिवसांत फरक दिसेल. अर्थात साक्याचं फळ जसं कापल्याशिवाय कळत नाही तसे काही मेल असतातच, वरून गुळगुळीत आणि आत घाण, ते कुठल्याच चाळणीला कळणार नाहीत.

आणि हे सगळं तुमच्या डेस्कटॉपवरच शिकलेलं असतं, तो बंद असला की ही दुसरी चाळण बंद. करंट गेलेल्या रात्री मोबाईलवर कचरा जास्त दिसला तर दचकू नका.

सुरूबन (गुहागर)

मध्ये बोलतो माफ करा. आमचं छोटं होमस्टे आहे, आम्हाला पण रोजचे तीसचाळीस यायचे आणि फिल्टर कितीही घट्ट केला तरी काही फरक नाही. शेवटी कळलं की निम्मे आमच्याच वेबसाईटच्या संपर्क फॉर्ममधून येत होते. तो फॉर्म मेल पाठवतो आपल्याच सर्व्हरवरून, त्यामुळे सर्व्हर त्याला घरचा समजून सोडतो. फॉर्मला क्यापचा (भरणारा माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम, ते तपासणारं कोडं) लावला, आणि एक लपवलेला रकाना ठेवला जो माणसाला दिसत नाही पण बॉट भरतो, भरलेला आला की मेल जातच नाही. एका दिवसात आवाज बंद.

दुसरं, कॅच-ऑल चालू असेल तर बंद करा. म्हणजे तुमच्या डोमेनवर कोणीही कुठल्याही नावाने, इन्फो, सेल्स, ॲडमिन, मनाला येईल त्या नावाने मेल टाकला तरी तो तुमच्याकडे येतो. सीपॅनेलमध्ये डिफॉल्ट ॲड्रेस म्हणून आहे.

आणि ऑर्डरींसाठी एक फिल्टर करा, विषयात किंवा मजकुरात आंबा, हापूस, पेटी, डझन असेल तर ऑर्डरचा टॅग. रोमन लिपीत लोक हापूस तीन तऱ्हांनी लिहितात, एक ओ, दोन ओ, नुसता यू, सगळे टाका, अल्फान्सो पण टाका. थंडरबर्डमध्ये फिल्टर कधी चालवायचा ते विचारतं, तिथे जंक ठरवण्याच्या आधी हे निवडा आणि टॅगच्या जोडीला जंक नाही हीसुद्धा क्रिया लावा, म्हणजे दुसऱ्या चाळणीत तरी ऑर्डर अडणार नाही. आम्ही वेळासच्या कासव महोत्सवाच्या दिवसांत हे करतो, फेब्रुवारी मार्चला चौकशांचा लोंढा असतो तेव्हा एक मेल हुकला तरी खोली रिकामी राहते.

ऑफिसात आऊटलुक असलेल्यांसाठी, तिथे जंक ईमेल ऑप्शन्समध्ये सेफ सेंडर्सची यादी आहे ती भरा, बाकी तीव्रता हाय वर नेऊ नका, आमच्या सीएचे मेल त्यात अडत होते.

आढीवाला (देवगड)

सुरूबन, कॅच-ऑल चालू होतं!! बंद केलं आणि आज दुपारपर्यंत फक्त नऊ कचरा. फॉर्मचं भाच्याला सांगितलंय.

एक राहिलं. मी पुण्यावाल्या सोसायटीला काल माफीचा मेल टाकला, उशीर झाला, आता पायरी शिल्लक आहे आणि हापूसच्या शेवटच्या आढीत बाराएक पेट्या निघतील म्हणून. उत्तर नाही म्हणून आज फोन केला तर ते म्हणतात तुमचा मेल आमच्या स्पॅममध्ये सापडला. म्हणजे मीसुद्धा स्पॅम??

खाडीपलीकडे

हसू नये पण हसलो. आता तुमच्या डोमेनची कागदपत्रं बघावी लागणार. एसपीएफ म्हणजे माझ्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी, डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही, डीमार्क म्हणजे यादीत किंवा सहीत घोळ निघाला तर मेलचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी असावंच लागतं, दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना तिन्ही. तुम्ही एवढे पाठवत नाही, पण तिन्ही लावून ठेवा, बिटकॉईनवाल्यासारखे तुमच्या नावाचे खोटे मेलही त्याने कमी होतील.

सीपॅनेलमध्ये ईमेल डिलिव्हरेबिलिटी म्हणून पान आहे, तुमच्या डोमेनसमोर लाल काही दिसत असेल तर रिपेअर दाबा. डोमेनचा डीएनएस (डोमेनच्या नोंदींची वही) दुसऱ्या कंपनीकडे असेल तर सीपॅनेल दाखवतं त्या ओळी भाच्याला नेऊन त्या कंपनीच्या पॅनेलमध्ये चिकटवायला सांगा. डीमार्क आधी नन (काही करू नका) वर ठेवा, एकदम रिजेक्ट (परत पाठवा) वर नको, नाहीतर काही चुकलेलं असलं तर तुमचेच मेल परत येतील.

गजालीकार

माजा पण बघितलंय. लाल हा. रिपेअर दाबलंय, आता बघूया.

आढीवाला (देवगड)

लालच होतं, दोन ठिकाणी. रिपेअर झालं. भाच्याच्या जीमेलवर टेस्ट मेल टाकला, इनबॉक्समध्ये पडला.

सकाळी आणखी एक आला, हापूसच्या जीआयची (भौगोलिक मानांकनाची) नोंदणी आज रात्री संपते, या लिंकवर पैसे भरा. सर्व्हरने ४.१ दिले, थंडरबर्डने सोडला. जीआय २०१८ ला मिळालाय एवढं मला माहीत आहे आणि रात्री बारा वाजता आंबा संपत नाही हेही माहीत आहे, त्यामुळे जे अक्षर दाबून जंक केला.

सुरूबन (गुहागर)

बरोबर केलंत. अशा लिंकवर कोणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन. आणि अशा मेलच्या खाली अनसबस्क्राईब असतं ते दाबू नका, ते ओळखीच्या दुकानाच्या जाहिरातींसाठी ठीक, यांना फक्त एवढंच कळतं की हा आयडी जिवंत आहे.

आढीवाला (देवगड)

पुण्यावाले बारा पेट्या घ्यायला तयार झाले, आठ हापूस आणि चार पायरी. बायकोला आता सगळं सांगितलं, ती म्हणाली उरलेल्या अठ्ठावीस पेट्यांचं काय.

फॉर्मचा क्यापचा अजून बाकी आहे. भाचा फोन उचलत नाहीये.